एक्केचाळीस बाय अकरा

पंजूमामा उसाचा रस पिण्याआधी चरकाचे दात मोजतात.

रसवाला हातात ऊस धरून थांबलेला, मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि सत्तरी ओलांडलेला हा उंच म्हातारा लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यापर्यंत खोचून चरकाच्या दातेरी चाकांपाशी वाकलेला. नव्या माणसाला वाटतं, आजोबा स्वच्छता बघतायत. रसवाल्याला खरं माहीत आहे, त्यामुळे तो मुकाट उभा राहतो. मोजून झालं की मामा ताठ होतात आणि न्यायाधीशाच्या थाटात निकाल देतात, "एक्कावन्न बाय सतरा. नेमका तीन! कोणी केलं हे? तेच दात त्याच दातांना भेटणार, तेच झिजणार. एक दात कमी पाहिजे होता." मग रस पितात, तोही दोन ग्लास. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजतात, कारण मधल्या काळात कुणी चाक बदललं असलं तर?

"दात मोजल्याशिवाय बोलू नको" हे त्यांचं ब्रीदवाक्य. सायकलची साखळी, घरची इडलीच्या पिठाची चक्की, देवळातल्या घंटेचं यंत्र, काही सुटत नाही. आयुष्यभर त्यांनी कावेरीकाठच्या भाताच्या गिरण्यांची गिअरं दुरुस्त केली. सवय हाडात गेली ती गेलीच. मोजलेलं ते कधी कागदावर लिहीत नाहीत. लिहिलं की डोकं आळशी होतं म्हणे. आणि माझ्या माहितीत त्यांचं मोजणं एकदाही चुकलेलं नव्हतं. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी जो नालायकपणा केला तो ह्याच वाक्याशी केला.

आम्ही तंजावूरचे मराठी. राजे गेले, आम्ही राहिलो. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी. माझ्या वडिलांनी छडी घेऊन मला देवनागरी शिकवली, म्हणून राजवाड्यामागच्या आमच्या बोळात हे असं लिहिणारा मी एकटाच. पंजूमामांना ही लिपी वाचता येत नाही. त्यांच्याविषयी लिहायचं धाडस त्यामुळेच झालं.

माणसांनाही मामा दातांच्या हिशेबाने ओळखतात. त्यांच्या शब्दांत, रेशोने. मोटारीच्या मागच्या ॲक्सलमध्ये एक लहान दातेरी चाक असतं, पिनियन, ते एका मोठ्या चाकाला, क्राऊनला फिरवतं. लहान किती वेळा फिरल्यावर मोठं एकदा फिरतं, तो रेशो. एवढं कळलं की मामा कळले. मला पहिल्यांदा त्यांनी हे शिकवलं ते असं: "हे बघ रघू, मी पिनियन, तुझी मामी क्राऊन. मी पावणेपाच वेळा गरगर फिरतो, तेव्हां ती एकदा वळते." आणि माझ्याविषयी त्यांचं मत, "तुझा रेशो चुकला. ओरड जास्त, पळ कमी." मी विमा कंपनीत अपघातात सापडलेल्या गाड्यांची पाहणी करायचं काम तीस वर्षं केलं. जी गाडी दिसते ती मला चेपलेलीच दिसते. त्यामुळे ओरड जास्त असणारच.

आता त्यांच्या गाडीविषयी. दोन सीटांची, टपाविना, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी, हिरवा रंग उडालेली जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार. मूळची निलगिरीतल्या एका चहामळ्याच्या मालकाची, त्याच्याकडून मामांनी घेतलेली. डोंगर चढायला म्हणून तिच्या ॲक्सलमध्ये त्रेचाळीस बाय नऊचा जोड बसवलेला. म्हणजे चढावर बकरीसारखी चढणार, पण सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला की इंजिन जिवाच्या आकांताने बोंबलणार. तंजावुरात सगळ्यात मोठा चढ म्हणजे रेल्वेचा ओव्हरब्रिज. तो मात्र मामांची गाडी अशी काही चढते की बसवाले वळून बघतात. बाकी साऱ्या सपाट मुलखात, भातखाचरांमधून, कालव्याकाठाने, ती चाळीस वर्षं बोंबलत फिरली.

फिरली म्हणजे दर शुक्रवारी सकाळी पापनाशमला गेली. शेजारच्या सीटवर रुक्कूमामी. पापनाशम स्टेशनाबाहेर गाडीतच बसून दोघांनी एकेक डबरा, म्हणजे पितळी वाटीतला पेलाभर, कॉफी प्यायची आणि परत यायचं. देवदर्शन नाही, नातेवाईक नाहीत, काही काम नाही. मामी मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचा आवाज असा की शेवटच्या बाकावरची मुलगीच काय, शेजारच्या शाळेतले मुलगेही पाढे म्हणायला लागत. गाडी बोळात शिरायच्या आधी मामींचा आवाज शिरायचा. इंजिनाच्या वरताण. आम्ही दारात उभे राहून ऐकायचो, की आज पापनाशमहून येताना मामा कशाकशात चुकले.

आठ महिन्यांपूर्वी मामींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, आणि तो आवाज गेला.

म्हणजे अगदी गेला नाही. डॉक्टर म्हणाले, बोलतील, सराव हवा. पण बाहेर पडायचा तो पुसट, जड, एका बाजूला कललेला शब्द. ज्या बाईने चाळीस वर्षं मुलींना "स्पष्ट बोल" म्हणून दटावलं, तिने असा शब्द चारचौघांत काढायचा नाही असं ठरवून टाकलं. घरात चारचौघं कायमच. सकाळ-संध्याकाळ सेल्वी नावाची सांभाळणारी बाई, व्यायाम करून घेणारा मुलगा, शेजारपाजारच्या बायका, फोनच्या पडद्यावर चेन्नईचा मधू. मधू म्हणजे ह्यांचा एकुलता एक. मामी मान हलवायच्या. हो, नाही. बस्स.

आणि मग मधूने ठरवलं की अम्माला चेन्नईला न्यायचं. तिथे मोठं इस्पितळ, रोजचा व्यायाम, लिफ्ट, सगळं. शनिवारी तो येणार होता. मुलगा वाईट नाही हो, आईसाठी जीव टाकतो. त्याने फोनवर आईला विचारलं, "येतेस ना अम्मा?" मामींनी मान हलवली. मधू म्हणाला, हो म्हणाली. सेल्वी म्हणाली, नाही म्हणाली. मी तिथेच होतो, मला काहीच कळलं नाही.

मामा एवढंच म्हणाले, "मान म्हणजे उत्तर नव्हे. तिने सांगायला पाहिजे."

"त्या बोलत नाहीत मामा."

"शुक्रवारी सांगेल," ते म्हणाले. आणि सोमवारी सकाळी त्यांनी गाडीचा मागचा ॲक्सल उघडला.

मला हे कळलं ते मधूच्या फोनवरून. त्याला सेल्वीने कळवलेलं. "रघू अण्णा, अप्पांना काय झालंय? म्हणे हायस्पीड गिअर टाकतायत! ह्या वयात! शेजारी अम्मा बसणार, एक हात चालत नाही तिचा, ती धरणार कशाला? शनिवारी मी येतोय. तोवर गाडी चालू होऊ देऊ नका. तुम्हांला अपघात काय असतो ते माहीत आहे."

हेच वाक्य त्याने बोलायला नको होतं. मला अपघात काय असतो ते फारच माहीत आहे.

मी लगेच मामांच्या शेडमध्ये गेलो. गाडीची मागची बाजू लोखंडी घोड्यांवर चढवलेली, मामा खाली पाठीवर आडवे, फक्त पाय बाहेर. जमिनीवर तमिळ वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर दुसरा क्राऊन-पिनियनचा जोड. तिरुच्चीच्या भंगारबाजारात एका जुन्या टॅक्सीच्या ॲक्सलमधून काढलेला. दातांवर खडूच्या खुणा.

"एक्केचाळीस बाय अकरा," गाडीखालून आवाज आला. "तीन पूर्णांक त्र्याहत्तर. दोन महिने शोधत होतो."

"म्हणजे गाडी वेगात पळणार."

"पळू शकेल."

"मामा, तुमचं वय काय?"

"अठरा स्पॅनर दे."

मी स्पॅनर दिला. एवढा माझा विरोध.

पुढचे दोन दिवस मी रोज जाऊन बसलो. म्हटलं तर मदतीला, म्हटलं तर पाळतीवर. ज्यांना वाटत असेल की जुना जोड काढायचा, नवा घालायचा आणि झाकण लावायचं, त्यांनी मामांपाशी एक दिवस बसावं. लहान चाक मोठ्या चाकात किती आत बसायला पाहिजे ह्याला केसाएवढी ढिलाई चालत नाही. वर बसलं तर दात टोकावर घासून तुटणार, खोल बसलं तर मुळाशी घासून गरम होणार. तुटला तर चालत्या गाडीचं मागचं चाक जाम. असं जाम झालेलं एक चाक मी कामावर असताना पाहिलं होतं. गाडी कालव्यात होती. त्याहून जास्त मी इथे सांगत नाही.

ती केसाएवढी जागा जमवायला पिनियनच्या मागे पोलादाच्या पातळ गोल चकत्या घालतात. कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ. आणि बरोबर बसलं की नाही हे बघायला कारखान्यात एक रंग मिळतो, तो दातांना फासून चाक फिरवतात, म्हणजे दात कुठे टेकतो त्याची खूण उमटते. मामा तो रंग वापरत नाहीत. ते हळद वापरतात. देवघरातल्या मामींच्या करंड्यातली, तिळाच्या तेलात कालवून. गिरणीच्या दिवसांपासून ही रीत. पूर्वी ह्यावरून घरात दर वेळी रण पेटायचं. "देवाची हळद यंत्राला? मी काय लावू, ग्रीस?" असा मामींचा आवाज शेडपर्यंत यायचा. मंगळवारी मामा वाटी घेऊन आत गेले, खाटेपाशी उभे राहिले, करंडा उचलला, आणि वाट बघत थांबले. मामींनी नुसतं बघितलं. मामा वाटीभर हळद घेऊन बाहेर आले आणि बराच वेळ ती कालवत बसले.

बुधवारी सकाळी मामांनी पाच चकत्या निवडल्या. मायक्रोमीटरने मोजून, पुसून, वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या. "पाच," असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. एवढ्यात सेल्वीने आतून हाक मारली. मामी सकाळची कांजी फक्त मामांच्या हातून घेतात. ते हात धुऊन आत गेले.

मी शेडमध्ये एकटा. समोर पाच चकत्या.

मी चोर नाही. साठ वर्षांत दुसऱ्याच्या घरची टाचणी उचललेली नाही. पण मला कालवा दिसत होता, आणि मामींचा तो न हलणारा हात दिसत होता. म्हटलं, एक चकती नसली की काम अडेल, दोन दिवस जातील, शनिवार उजाडेल, मधू येईल. मोडतोड नाही, खोटं नाही. मी एक चकती उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली. तिला वजन असं नव्हतंच.

मामा परत आले. चकत्या उचलता उचलता त्यांचा हात थांबला. ओठ हलले. पुन्हा हलले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "रघू, पाच होत्या ना?"

"मी कुठे मोजल्या?" मी म्हणालो.

त्यांनी वर्तमानपत्र झटकलं. गाडीखाली बघितलं, वेष्टीच्या घड्या झटकल्या, तेलाच्या थाळीत बोटं फिरवली. मग स्वतःशीच म्हणाले, "चारच असतील," आणि चार चकत्या घालून जुळणी सुरू केली. दुपारी तीनपर्यंत जोड बसला. दातांना हळद फासली. मामांनी हाताने चाक फिरवलं. जिथे दात दाताला टेकला तिथली हळद पुसली गेली होती. टेकायला पाहिजे होता दाताच्या मध्यावर. टेकला होता वरच्या कडेवर.

त्यांनी सगळं उतरवलं, चार चकत्या काढल्या, मोजल्या, पुन्हा घातल्या. संध्याकाळी पुन्हा हळद. पुन्हा वरची कड.

मला वाटलं होतं ते चिडतील, स्पॅनर आपटतील, भंगारवाल्याचा उद्धार करतील. त्यांनी चकत्या पुसून वर्तमानपत्रावर परत ओळीने मांडल्या. मी घरी गेलो. जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, पित्त.

गुरुवारी सकाळी मी गेलो तेव्हा मामा स्टुलावर बसले होते. समोर चार चकत्या. ते मोजत होते. एक, दोन, तीन, चार. बोटाने स्पर्श करून, लहान मूल मोजतं तसं. संपलं की परत पहिल्यापासून. मी आल्याचं त्यांना कळलंही नाही.

"मामा."

"ये." त्यांनी वर बघितलं नाही. "रघू, हळद सांगते एक चकती कमी आहे. डोकं सांगतं पाच मोजल्या होत्या. डोळे सांगतात चार आहेत. आता सांग, हळद तर खोटं बोलत नाही. डोळेही नाही. मग राहिलं काय?"



"डोकं राहिलं," ते म्हणाले. "माझ्या बापाचं असंच झालं होतं. आधी मोजणं गेलं, मग अस्कं गेलं." अस्कं म्हणजे आमच्या मराठीत सगळं. "परवा मी तिला गोळी दिली की नाही तेही मज आठवेना. सेल्वीला विचारलं. मग मधूचंच बरोबर ना रे? ज्याला पाच चकत्या मोजता येत नाहीत तो बायकोला काय सांभाळणार? फोन लाव त्याला. सांग, ने म्हणावं. विचारायचं काही राहिलं नाही."

मला माझी लाज वाटली. ती किती वाटली हे लिहायला मजजवळ शब्द नाहीत, आणि असते तरी मी ते लपवले असते, कारण लपवणं हाच माझा गुण ठरला होता. मी खिशात हात घातला. कालचाच शर्ट घालून आलो होतो. पापुद्र्याएवढी ती चकती बोटाला चिकटली. मी ती चारांच्या शेजारी ठेवली.

मामा बघत राहिले. मग पुन्हा मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवर बोट टेकून तसेच बसले.

"पाचच होत्या," ते म्हणाले.

"मधूने सांगितलं होतं, गाडी चालू होऊ देऊ नका म्हणून. मला वाटलं, तुम्ही वेगाने जाल, मामी शेजारी असतील…"

मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. पण मामांचे खांदे खाली आले, चेहरा सैल झाला आणि त्यांनी डोळ्यांना वेष्टीचं टोक लावलं. "पाच होत्या रे! अय्यो, पाच होत्या! मी बरोबर मोजल्या होत्या!" एवढा आनंद मी दिलेल्या कुठल्याही वस्तूने कुणाला झालेला नाही. माझी चोरी त्यांच्या लेखी चोरीच राहिली नव्हती, ती त्यांच्या डोक्याची तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला झाली होती.

मग मात्र राग आला. "मूर्खा! वेग? कोणाला पाहिजे वेग?"

"मग हा रेशो कशाला?"

मामांनी आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"ती बोलते," ते म्हणाले.

"कोण?"

"तुझी मामी. गाडीत बोलते. झटक्यानंतर तीन महिन्यांनी तिला परत पापनाशमला नेलं, तेव्हांपासून. शहर सुटलं, दोन्ही बाजूंना शेतं लागली, की ओठ हलतात. पण तो आवाज केवढासा! वर इंजिन बोंबलतंय, मागे ॲक्सल किंचाळतोय. मज काही ऐकू येत नाही. वळून ओठांकडे बघितलं की ती गप्प. आणि रस्ता बघू की ओठ बघू?"

"मग गाडी थांबवा ना बाजूला."

"थांबवली की तीही थांबते. थांबल्या गाडीत माणूस तोंडाकडे बघतो. चालत्या गाडीत दोघंही समोर बघतात. मग तोंड वाकडं झालं तरी लाज नाही." त्यांनी वर्तमानपत्राची घडी सरळ केली. "आमच्या घरात कधी बोलता आलं नाही, रघू. आधी आईअप्पा, भाऊ, भावजया, मग मधू, मग शिकवणीच्या मुली. चाळीस वर्षं आम्ही काय ते त्या गाडीत बोललो."

मी म्हटलं, "माझी गाडी न्या. बंद काचांची आहे, आवाज मुळीच नाही."

"तुझ्या गाडीत ती पाहुणी. पाहुण्यांसारखी गप्प बसेल." त्यांनी पाचवी चकती उचलून उजेडात धरली. "त्रेचाळीस बाय नऊ, पासष्टच्या वेगाला इंजिनाचे मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे. एक्केचाळीस बाय अकरा, बावीसशेच्या आत. सहाशे फेरे कमी. तेवढ्यात तिचा आवाज मावेल की नाही माहीत नाही. मावला तर उद्या विचारीन, जायचं का चेन्नईला. नाही मावला तर परवा मधू नेईल, आणि ती हो म्हणाली होती की नाही ते मज मरेपर्यंत कळणार नाही."

मी बाह्या सरसावल्या. त्या दिवशी मी जेवढं काम केलं तेवढं नोकरीत एका आठवड्यात केलं नसेल. मामा सांगतील ते धरलं, फिरवलं, दाबलं. बोटं दोनदा चेमटली. पाच चकत्या घालून पिनियन बसवलं. दुपारचे चार वाजले. वाटीतली हळद संपली होती. मामा करंडा आणायला आत गेले आणि लगेच आले नाहीत. मी दारातून डोकावलो. मामींनी करंडा आधीच डाव्या हातात घेऊन ठेवला होता. त्यांनी तो मामांच्या हातात दिला नाही, स्वतःच वाटीत उपडा केला. अर्धी हळद चादरीवर सांडली.

शेडमध्ये येऊन मामांनी दातांना हळद लावली आणि मला म्हणाले, "तू फिरव. मी दात बघतो."

मी फिरवलं. सावकाश, एक पूर्ण फेरा, मग उलट. बॅटरीच्या उजेडात आम्ही दोघंही वाकलो. प्रत्येक दाताच्या बरोबर मध्यावर एक लांबट, स्वच्छ, हळद पुसलेला ठसा. एक्केचाळीस दात. मामांनी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस तपासले. मी गुपचूप बरोबरीने मोजले.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला गाडी शेडबाहेर आली. आधी मामांनी एकट्याने ओव्हरब्रिजपर्यंत फेरी मारली आणि परत येऊन ॲक्सलला हात लावून बघितला, तापलाय का. मग सेल्वीने आणि मी मामींना सीटवर बसवलं, पदर नीट खोचला, मी पट्टा तीन वेळा ओढून बघितला. गाडी बोळातून निघाली. मी सवयीने कानांवर हात ठेवले होते. ते खाली घेतले, तेव्हा गाडी कोपऱ्यावर वळून गेलीसुद्धा.

त्यानंतरचे तीन तास मी बोळाच्या तोंडाशी काढले. चहाच्या टपरीवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. प्रत्येक हॉर्नला मान वर. जाम झालेलं चाक, कालवा, सगळं डोळ्यांपुढून चार वेळा जाऊन आलं. चकत्या पाचच होत्या ना, की सहा? आता माझं डोकं मला दगा देत होतं. साडेनऊला मामांची हिरवी गाडी एका टाऊन बसच्या मागून हळूच पुढे आली. ती जवळ येईपर्यंत मला ऐकूच आली नव्हती.

मामींना आत नेऊन निजवलं. मामा शेडमध्ये येऊन स्टुलावर बसले. मी समोर उभा.

"बोलल्या?"

"अर्धी वाट, अय्यमपेट्टैपर्यंत, गप्प," मामा म्हणाले. "मी म्हटलं, झालं, फुकट गेलं. मग म्हणते, 'गाडीला काय झालं? ओरडत का नाही?'"

"ऐकू आलं?"

"अस्कं. मी म्हटलं, दात बदलले. म्हणते, 'कशाला?' मी म्हटलं, तुझं ऐकू येत नव्हतं. मग पापनाशमपर्यंत एक शब्द नाही. कॉफीसुद्धा गप्प बसून प्यायली." मामांनी नाक ओढलं. "परतताना सुरू झाली. आठ महिन्यांचं साठलेलं, रघू. सेल्वी मीठ जास्त घालते. मी खोलीतलं कॅलेंडर बदललं नाही. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये उगाच रेटतो. हळद मागायला येतो तर तोंड उघडून मागत का नाही. अशा शिव्या दिल्या, अशा शिव्या दिल्या! एक शब्द खाली पडला नाही."

ते हसत होते. मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

"आणि चेन्नई?"

"जाते म्हणाली."

मी एक रिकामा डबा ओढून त्यांच्यासमोर बसलो.

"म्हणते, 'तुम्ही रात्रीतून दहादा उठून माझ्या नाकाशी हात धरता, श्वास चालू आहे का बघायला. मी डोळे मिटून पडलेली असते, झोपलेली नसते. तुम्ही झोपत नाही, मी झोपत नाही. दोघांतलं एक लवकरच जाईल, आणि ते मी असणार नाही. हात चालू लागेपर्यंत मी मधूकडे राहते. तेवढ्यात तुम्ही झोपून घ्या.'" मामा उठले, कापड घेतलं आणि स्वच्छ असलेला बोनेट पुसायला लागले. "पूर्ण वाक्यं, रघू. आधी कारण, मग उत्तर. गणितासारखं."

"तुम्हीही जा की त्यांच्याबरोबर."

"ती म्हणाली, नको. म्हणाली, तुम्ही तिथे आलात की झोपणार नाही." आणि बराच वेळ पुसून झाल्यावर, "रेशो बरोबर निघाला."

शनिवारी मधू आला आणि आईला घेऊन गेला. त्याच्या मोठ्या गाडीच्या काचा बंद होत्या. मामी आतून डावा हात हलवत होत्या. मी मधूला चकतीचं काही सांगितलं नाही. त्याने माझे आभार मानले, ते मी घेतले.

आता महिन्यातून दोन शुक्रवारी मामा चेन्नईला जातात. सव्वातीनशे किलोमीटर, त्या टपाविना गाडीतून, डोक्याला टॉवेल गुंडाळून. तिथे मामींना शेजारी बसवून समुद्राकाठच्या रस्त्याने दोन तास फिरवतात, शिव्या खातात, आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. मामींचा हात बोटांपर्यंत हलायला लागलाय. मामा झोपतात की नाही, मी विचारलेलं नाही. पूर्वी ती गाडी निघाली की सगळा बोळ जागा व्हायचा. हल्ली सकाळी शेड रिकामी दिसते तेव्हाच कळतं.

मागच्या खेपेला त्यांना पोचायला फारच उशीर झाला. मधूने घाबरून मला फोन केला, मी घाबरून तंजावुरातच घामाघूम झालो. परत आल्यावर मी त्यांना झापलं. म्हटलं, मामा, एवढा लांब पल्ल्याचा रेशो टाकलात, हमरस्ता मोकळा, गाडी सहज नव्वदने जाईल, मग जाताना तरी जरा दाबायला काय होतं? जाताना शेजारची सीट रिकामीच असते ना? कुणाचं ऐकायचं असतं?

मामांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी दात न मोजता बोललो होतो.

"तिथे पोचल्यावर ऐकायचं असतं ना," ते म्हणाले. "वाटेतच कान दमवून कसं चालेल?"